गावठी, जातिवंत आणि पाठभेद

मराठीत 'गावठी' हे विशेषण ज्या नामांना चिकटते त्यांकडे एकदा सावकाश पाहावे. गावठी दारू, गावठी कट्टा, गावठी उपाय, गावठी बोली आणि गावठी कुत्रे. (गावठी कोंबडी आणि तिची अंडी हा अलीकडचा सन्माननीय अपवाद, तिथे विशेषणाने भाव वाढतो.) याच्या विरुद्ध टोकाला 'जातिवंत' हा शब्द उभा आहे. जातिवंत घोडा, जातिवंत कुत्रे, जातिवंत कलावंत. या दोन शब्दांमधली सीमारेषा कोण आखतो, कोणत्या अधिकाराने आखतो आणि ती आखल्यावर पलीकडे राहिलेल्यांचे काय होते, हे प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला नवे नाहीत. प्रमाण भाषा आणि बोली, अभिजात आणि लोकसाहित्य, छापील संहिता आणि मौखिक परंपरा या निमित्ताने आपण ते वर्षानुवर्षे विचारत आलो आहोत. आज तेच प्रश्न आम्ही एका कुत्र्याच्या निमित्ताने विचारणार आहोत. साहित्यविषयक लेखनात कुत्र्याने शिरावे याचे कोणाला वावडे वाटत असेल, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन ज्याच्या मागे धावले त्याची त्यांनी आठवण करावी. ते कोणत्या जातीचे होते, हे कथाकाराने सांगितलेले नाही.

ज्या कुत्र्याविषयी बोलायचे आहे ते दख्खनच्या पठारावरचे. लांब निमुळते डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट, उंच पाय आणि नजरेने सावज टिपून त्यामागे सुटण्याची सवय. महाराष्ट्रात त्याला 'कारवानी' म्हणतात. कानांवर आणि शेपटीवर लांब रेशमी केस असतील तर 'पश्मी'. पश्म म्हणजे लोकर; पश्मीना या शब्दातला पश्म तोच. सीमेपलीकडे कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ गावावरून त्याला 'मुधोळ हाउंड' म्हणतात. इंग्रजी नोंदीत तो 'कॅरव्हान हाउंड' आहे. थोडक्यात, प्राणी एक किंवा जवळजवळ एक, आणि नावे चार.

ही नावे केवळ बोलण्यातली असती तर लेखाचे कारण नव्हते. पण श्वानजातीचे क्लब नावांवरच उभे असतात. त्यांचा इतिहास फार जुना नाही. इंग्लंडमध्ये पहिले श्वानप्रदर्शन १८५९ मध्ये न्यूकॅसलला भरले आणि त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर या शिकारी जाती होत्या. १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला आणि १८७४ मध्ये त्याने आपले पहिले 'स्टड बुक', म्हणजे वंशनोंदीची वही, प्रसिद्ध केले. तेव्हापासून जातिवंत कुत्रे म्हणजे ज्याचे आईबाप, आजे-पणजे या वहीत सापडतात ते. वहीच्या जोडीला आणखी एक मजकूर असतो. त्याला 'ब्रीड स्टँडर्ड' म्हणतात: डोके असे असावे, कान असे, उंची इतकी, रंग हे चालतील, ते चालणार नाहीत. साहित्याच्या विद्यार्थ्याने हे लिखाण अवश्य वाचावे. ते वर्णन म्हणून लिहिलेले असते आणि आज्ञा म्हणून वाचले जाते. व्याकरणाच्या पुस्तकांचेही असेच होते. आधी व्याकरणकार म्हणतो, लोक असे बोलतात. दोन पिढ्यांनी शिक्षक म्हणतो, असे बोलावे. आणि पुढे कोणी तसे बोलले नाही की तो अशुद्ध ठरतो.

दख्खनी शिकारी कुत्र्याच्या बाबतीत तर मजकूर लिहिणाऱ्यांचेच एकमत नाही. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याची नोंद 'कॅरव्हान हाउंड' अशी करत आला आहे, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाउंड' अशी. एकाच कुत्रीची दोन पिले दोन वह्यांत दोन जातींची म्हणून नांदू शकतात. टपाल खात्याने २००५ मध्ये चार भारतीय श्वानांची तिकिटे काढली, त्यात नाव 'मुधोळ हाउंड' होते. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२० च्या सुमारास भारतीय श्वानजातींना पहिल्यांदा आपल्या सूचीत घेतले: राजपालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ हाउंड. पहिल्या दोन तामिळनाडूच्या, तिसरी कर्नाटकाची. मुधोळजवळ तिम्मापूरला बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. तिथली पिले सैन्याने पारखण्यासाठी मेरठला नेली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरच्या भाषणात या जातीचे नाव घेतले. मुधोळने आपल्या कुत्र्यासाठी जे केले ते मोलाचेच आहे आणि त्याविषयी आमची कोणतीही सीमावादी तक्रार नाही. (मुधोळ हे कन्नड महाकवी रन्नाचे गाव आणि मराठा घोरपड्यांचे संस्थान, १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालेले, तिथे तक्रार करायची झाली तर कोणी कोणाविरुद्ध करायची?)

आमचा आक्षेप या इतिहासाच्या सांगण्याच्या रीतीवर आहे. कोणतेही माहितीपत्रक उघडा, गोष्ट एकच. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची पैदास जोपासली, विलायतेच्या भेटीत पंचम जॉर्ज यांना पिलांची जोडी नजर केली आणि तिथे त्यांना 'हाउंड ऑफ मुधोळ' हे नाव मिळाले, असे सांगतात. गोष्ट खरीही असेल, आणि मालोजीरावांनी या कुत्र्यांकडे लक्ष दिले हे तर खरेच. पण तिची रचना पाहा. जातीचा जन्म दोन राजांच्या भेटीत होतो. त्याआधी ती कुत्री कोणाच्या दारात होती, त्यांना भाकरी कोण घालत होते, कोणत्या कुत्रीला कोणता कुत्रा द्यायचा हे कोण ठरवत होते, हे सगळे 'स्थानिक लोक' या दोन शब्दांत संपते. वाङ्मयेतिहासात ज्याला आपण 'लोकपरंपरा' म्हणून एका परिच्छेदात आटोपतो आणि मग पहिल्या छापील पुस्तकापासून खरा इतिहास सुरू करतो, तसाच हा प्रकार.

नावातच खूण आहे. 'कारवान' म्हणजे काफिला. हे कुत्रे ज्यांच्याबरोबर चालत आले ते चालणारे लोक होते. विदर्भाला असा चालणारा समाज शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. यवतमाळ, वाशीम भागात बंजाऱ्यांचे तांडे आहेत, पोहरादेवीला त्यांची मोठी यात्रा भरते. मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून देशभर फिरणारा हा समाज; ब्रिटिश शिकाऱ्यांच्या एकोणिसाव्या शतकातील लेखनात 'ब्रिंजारी' कुत्र्यांचा उल्लेख वारंवार येतो. ती कुत्री आणि आजचा कारवानी एकच, असे म्हणण्याचा आमचा आग्रह नाही. वर्णने परस्परांशी नेहमी जुळत नाहीत. पण तांड्याबरोबर चांगले कुत्रे असायचे आणि ते परक्यांच्याही डोळ्यांत भरायचे, एवढे निर्विवाद आहे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि बैलांच्या वाहतुकीचा पाया खचला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या जमातींचे चालणेच गुन्हा ठरवले. तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा-काळविटाची शिकार थांबली आणि ते योग्यच झाले, पण त्याबरोबर या कुत्र्याचे मूळ काम गेले. उरली ती शेताची, मेंढ्यांची राखण आणि दाराशी बांधून ठेवण्याची हौस. काम गेल्यावर रूप जपण्याची घाई सुरू होते. जात्यावरची ओवी आपण कधी टिपून घ्यायला लागलो, ते आठवावे.

बंजारा आणि त्याचे कुत्रे यांची एक दंतकथा मध्य भारतात ठिकठिकाणी सांगितली जाते. आज छत्तीसगढच्या बालोद जिल्ह्यात, खपरी येथे कुकुरदेवाचे देऊळ आहे. हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांतातला. दुष्काळात एका बंजाऱ्याने सावकाराकडे आपले इमानी कुत्रे गहाण ठेवले. सावकाराकडे चोरी झाली. चोरांनी माल कुठे लपवला ते कुत्र्याने पाहिले होते, त्याने मालकाला तिथे नेले. सावकाराने खूश होऊन सारी हकीकत एका चिठ्ठीत लिहिली, ती कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि कर्ज फिटले म्हणून त्याला परत धाडले. कुत्रे पळून आले, आपला शब्द मोडला, असे समजून बंजाऱ्याने त्याला मारून टाकले. चिठ्ठी त्याने नंतर पाहिली. देवळाचे बांधकाम कथेहून वेगळ्या काळाचे आणि वेगळ्या कारणाचे असू शकते. तो प्रश्न पुरातत्त्वाचा. आमचे लक्ष चिठ्ठीकडे जाते. कुत्र्याची किंमत त्याच्या गळ्यातल्या कागदावर लिहिलेली आहे, कागद सावकाराच्या हातचा आहे, आणि ज्याने कुत्रे वाढवले त्याच्यापर्यंत त्यातला मजकूर वेळेवर पोहोचत नाही. वंशनोंदीच्या प्रमाणपत्राविषयी याहून नेमके कोणी काही सांगितल्याचे आमच्या वाचनात नाही.

आता नागपूरकडे येऊ. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० मध्ये स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय नागपुरात आहे. इथले पशुवैद्यक महाविद्यालय तर १९५८ पासूनचे. तलवारीसारख्या लांब, मागे वळलेल्या शिंगांची नागपुरी म्हैस राष्ट्रीय सूचीत आहे, आर्वी-वर्ध्याकडची गवळाऊ गाय आहे, वऱ्हाडातली बेरारी शेळी आहे. नागपुरी म्हशीला एलिचपुरीही म्हणतात, वऱ्हाडीही म्हणतात. म्हणजे एका जनावराला गावोगाव वेगळे नाव असणे ही काही अडचण नव्हे, हे इथल्या पशुशास्त्राला माहीत आहे. दूध देणारे, ओझे ओढणारे जनावर सरकारदरबारी लवकर नोंदले जाते, कारण त्याचा हिशेब मांडता येतो. कुत्र्याचा हिशेब मांडता येत नाही. म्हणून ते काम हौशी लोकांच्या क्लबांकडे गेले, आणि हौशी लोकांनी विलायती नमुना जसाच्या तसा उचलला. आपल्याकडील श्वानप्रदर्शनांत लॅब्राडॉर आणि जर्मन शेफर्ड यांची गर्दी असते याचे आश्चर्य नाही. आश्चर्य याचे की देशी कुत्र्याला रिंगणात घेताना मोजपट्टी मात्र तीच वापरली जाते.

याला पर्याय कोणता? आमच्या मते तो नागपूरच्या वाङ्मयीन परंपरेतच पडून आहे. म्हाइंभटांनी रिद्धपूरला 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. पुढे मूळ पोथी हरवली आणि शिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, असे महानुभाव परंपरा सांगते. साहजिकच त्याचे अनेक पाठ झाले, आणि कोणते स्मरण कोणाचे हे त्या परंपरेने बऱ्याच ठिकाणी नावानिशी सांभाळले. वि. भि. कोलते यांनी नागपुरात बसून या पोथ्या जन्मभर तपासल्या. त्यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. त्यावर वाद झाले, ते इथे नकोत. संहितासंपादनाची शिस्त काय असते, एवढेच इथे हवे. संपादकही पोथ्यांचा वंशवृक्ष काढतो. कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली, कुठे भेसळ झाली, हे शोधतो. पण एक पाठ वर छापताना बाकीचे तो फेकून देत नाही. तळाशी पाठभेद म्हणून ठेवतो, कारण उद्याचा अभ्यासक त्यातूनच त्याची चूक काढणार असतो. शालेय पाठ्यपुस्तकात यातले काही नसते. तिथे एकच पाठ, एकच उत्तर. श्वानजातीचे क्लब आजवर पाठ्यपुस्तके लिहीत आले आहेत. त्यांनी चिकित्सक आवृत्ती काढावी, एवढेच आमचे म्हणणे.

हे स्वप्नरंजन नव्हे. ज्या विलायतेकडून आपण नमुना घेतला तिथेच याचे दाखले आहेत. आपल्या कारवानीचा अरबी-इराणी भाऊबंद म्हणावा असा सलुकी हा कुत्रा. इंग्लंडमध्ये त्याचा क्लब १९२३ मध्ये निघाला (त्याच वर्षी आपला विदर्भ साहित्य संघ निघाला, हा योगायोग). फ्लोरेन्स ॲमहर्स्ट या बाईंनी १८९५ पासून ही कुत्री पाळली होती, आणि पहिल्या महायुद्धानंतर फ्रेडरिक लान्स यांच्यासारखे सेनाधिकारी मध्यपूर्वेतून आणखी घेऊन आले. वेगवेगळ्या मुलखांतून आलेली ही कुत्री एकसारखी नव्हती. क्लबाने तेव्हा शहाणपण केले. लक्षणे सैल लिहिली: नराची उंची २३ ते २८ इंचांच्या दरम्यान, रंग बहुतेक सगळे, आणि झुपकेदार केसांचा व आखूड केसांचा असे दोन्ही प्रकार एकाच जातीत. आता आपल्याकडे पाहा. आखूड केसांचा तो कारवानी, झुपकेदार तो पश्मी. आणि एकाच कुत्रीच्या पोटी दोन्ही निघाले तर हौशी मालकाला दुसऱ्याची लाज वाटते. इंग्रजांनी अरबी कुत्र्याला जी मोकळीक दिली ती मराठी माणूस मराठी कुत्र्याला द्यायला तयार नाही.

दुसरा दाखला बसेंजीचा. काँगोच्या जंगलातले हे कुत्रे पाश्चात्त्य देशांत मोजक्याच पूर्वजांपासून वाढले. वही बंद, म्हणून रक्त तेच ते, आणि मूत्रपिंडाचा एक आनुवंशिक विकार जातीत बोकाळला. तेव्हा काही पाळणारे थेट आफ्रिकेतल्या खेड्यांत गेले, तिथून कुत्री आणली आणि १९९० मध्ये अमेरिकन केनेल क्लबने आपली बंद वही या कागद नसलेल्या गावठी कुत्र्यांसाठी उघडली. इंग्लंडच्या केनेल क्लबने तर आई-मुलगा, बाप-मुलगी, सख्खी भावंडे यांच्या संयोगातून झालेल्या पिलांची नोंद २००९ पासून बंद केली. शुद्धतेची किंमत कळायला त्यांना सव्वाशे वर्षे लागली. आपल्याला ती पुन्हा पहिल्यापासून मोजण्याचे कारण नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. वही उघडी ठेवली तर कोणीही ग्रेहाउंडशी संकर करून पिले 'कारवानी' म्हणून विकील. शर्यतीच्या नादात आणि विक्रीच्या लोभात असे संकर होतात, ही तक्रार जुने पाळणारेच करतात. पण बंद वहीने हे थांबत नाही, कारण खोटा कागद खऱ्या कुत्र्यापेक्षा स्वस्त असतो. ते थांबलेच तर दोन गोष्टींनी. एक, जनुकीय तपासणी, जी आज शक्य आहे आणि विद्यापीठाच्या आवाक्यात आहे. दोन, पाळणाऱ्यांची साक्ष. ज्या घराने तीन पिढ्या ही कुत्री सांभाळली ते घर बाहेरचे रक्त चालीवरून ओळखते. या ज्ञानाला क्लबच्या कागदावर जागा नाही, कारण त्या कागदावर 'ब्रीडर' नावाचा रकाना असला तरी तो भरायला नोंदणीकृत सभासद असावे लागते.

आणखी एक गोष्ट, शब्दाची. इंग्रजी 'ब्रीड'साठी आपण 'जात' म्हणतो आणि बिनदिक्कत 'शुद्ध रक्ताचे', 'अस्सल जातीचे' अशी भाषा वापरतो. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जातिव्यवस्थेच्या रक्तशुद्धीच्या समर्थनाची चिरफाड केली, आणि १९५६ मध्ये ज्या गावात त्यांनी धर्मांतर केले ते हे गाव. माणसांच्या प्रश्नाला कुत्र्यांची उपमा देण्याचा अश्लाघ्य प्रकार आम्ही करणार नाही. पण भाषा उलट दिशेनेही काम करते. शुद्धतेचा जो शब्दसंग्रह आपण एका ठिकाणी निर्धास्त वापरतो तो दुसऱ्या ठिकाणी आपोआप पाझरतो, आणि ही गोष्ट भाषेच्या शिक्षकाने नाही सांगायची तर कोणी?

डब्ल्यू. व्ही. सोमण यांचे भारतीय श्वानांवरचे इंग्रजी पुस्तक १९६३ मध्ये मुंबईहून निघाले. थिओडोर भास्करन यांचे २०१७ मध्ये. दोन्ही मोलाची, दोन्ही इंग्रजी. मराठीत या कुत्र्याविषयी जे ज्ञान आहे ते बहुतांशी तोंडी आहे. धनगर, पारधी, बंजारा आणि शेतकरी घरांत केसांना, कानांना, धावण्याच्या तऱ्हेला, पिलाच्या निवडीला कोणते शब्द आहेत? कुत्री कोणाला द्यायची आणि कोणाला नाही याचे संकेत काय? पिलू विकले जाते की दिले जाते, आणि दिल्यावर पहिल्या विणीतले एक परत मागण्याचा हक्क असतो का? हे प्रश्न पशुवैद्यकाच्या अर्जात येणार नाहीत. ते मराठीच्या विद्यार्थ्यांना विचारता येतील. बोलीच्या अभ्यासाला निघालेल्या विद्यार्थ्याच्या हाती ध्वनिमुद्रक असतोच. महाराष्ट्राने कारवानी आणि पश्मी यांच्यासाठी स्वतंत्र नोंद मागायचे ठरवले, तर त्या अर्जासोबत उंची-वजनाच्या तक्त्याबरोबर या शब्दांचीही वही जोडली जावी, आणि तीत प्रत्येक शब्दापुढे तो सांगणाऱ्याचे नाव, त्याच्या संमतीने, असावे. नावाचा रकाना पहिला, उंचीचा नंतर.